मऊ सुताचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला मेळाव्यात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयास मिळाले म्हणजे वक्त्याने भाषा, संस्कृती, इतिहास अशा थोर विषयांना हात घालावा, अशी साधारण अपेक्षा असते. ते विषय आपल्यातील अधिकारी मंडळी वर्षभर हाताळणारच आहेत. महिला शाखेच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या तासासाठी आम्ही मात्र मुद्दाम एक लहानसा विषय निवडला आहे. तान्ह्या बाळाला शी-शू झाल्यावर ते कशाने पुसावे, त्यासाठी महिन्याला किती पैसे मोजावेत, आणि तेच काम घरच्या घरी, थोड्या खर्चात, बाळाला अपाय न होता कसे करावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

हा विषय सुचण्याचे कारण असे. कोलकात्यात आपला मराठी माणूस येतो तो बँकेच्या किंवा रेल्वेच्या बदलीवर येतो, संशोधन संस्थेत शिकावयास येतो, किंवा सांगली जिल्ह्यातून, खानापूर-आटपाडीकडून, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी येतो. यांतील पुष्कळ जोडपी तरुण असतात. भाड्याची दोन खोल्यांची जागा, एकाची मिळकत, आणि सासर-माहेर दोन्ही दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासापलीकडे. अशा घरी बारशाला गेले, पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, की बोलणे हमखास खर्चावर येते. दूध, लशी, औषधे यांबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. ती करण्याची सोयच नाही. परंतु डायपर आणि ओले वाइप्स यांची पाकिटे आठवड्याआड संपतात, आणि त्यांवाचून बाळ वाढविता येते याची नव्या आईला कल्पना नसते. तिचा यात काही दोष नाही. हे शिकविणारी आजी पुण्यास किंवा विट्यास राहिली आहे.

पन्नास वर्षांपूर्वी, आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी, हा प्रश्नच नव्हता. तयार ओले वाइप्स दुकानांतून सर्रास मिळत नव्हते आणि घरोघरी जुनी लुगडी होती. मुलगी गरोदर आहे असे कळताच आई आपली जुनी नऊवारी बाजूस काढून ठेवी. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले ते सूत. त्यातून दुपटी निघत, लंगोट निघत, टोपडी-कुंचीची अस्तरे निघत, आणि उरल्या तुकड्यांची फडकी होत. बाळंतविडा म्हणतात तो असा घरातल्या घरात जमत असे. ज्या बंगाली समाजात आपण राहतो तेथेही हीच रीत आहे. जुन्या साड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून, धावदोरा घालून शिवलेली काँथा ही येथील तान्ह्या बाळाची पहिली पांघरणी होय. आपली गोधडी आणि त्यांची काँथा शेजारी ठेवल्या तर दोघींची भाषा एकच असल्याचे ध्यानात येईल: वापरून मऊ झालेले कापड नव्या कापडाहून तान्ह्याला अधिक सोसते.

प्रथम बाजारातील वस्तूची ओळख करून घेऊ. ओल्या रुमालाचा इतिहास फार जुना नाही. १९५७ साली आर्थर ज्युलियस नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये पाकिटबंद ओला रुमाल तयार केला, आणि १९६३ च्या सुमारास तळलेल्या कोंबडीच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका अमेरिकन उपाहारगृहाच्या साखळीने तो गिऱ्हाइकांना देण्यास आरंभ केला. म्हणजे या वस्तूचा जन्म मोठ्या माणसांच्या तेलकट बोटांसाठी झाला. बाळाकडे ती पुढे वळली. तिचे कापड मागावर विणलेले नसते. तंतू एकमेकांत गुंतवून आणि दाबून ते तयार करतात, आणि त्या तंतूंत पुष्कळदा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच, असते. त्यातील ओलावा हे बहुतांशी पाणी होय. पाणी पाकिटात महिनोन्‌महिने राहिले तर त्यात जंतू आणि बुरशी वाढणारच. ती वाढू नये म्हणून त्यात परिरक्षक द्रव्ये घालावी लागतात.

या द्रव्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या एका द्रव्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ आणि खाज उत्पन्न केल्याचे आढळले. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली त्याला त्या वर्षाचे लक्षणीय वावड्याचे द्रव्य म्हणून जाहीर केले, आणि पुढे युरोपीय संघाने त्वचेवर लावून तशाच ठेवण्याच्या प्रसाधनांतून त्याला मनाई केली. म्हणून जे पाकीट घ्याल त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत, एवढे सांगणे अवश्य आहे.

तथापि आम्हांस येथे कोणाला भिवविण्याची इच्छा नाही. २०१२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २८० नवजात बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना एका विशिष्ट प्रकारच्या वाइप्सने आणि निम्म्यांना कापूस व पाण्याने पुसण्यात आले. त्वचेतील ओलावा टिकण्याच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. या अभ्यासाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. चांगले वाइप्स वापरणारी आई बाळाचे काही वाईट करीत नाही. आणि जी आई साधे पाणी व सुती फडके वापरते तिच्या बाळाची त्वचाही ओलावा टिकण्याच्या बाबतीत उणी राहत नाही. मग निवड कशावर करावयाची? ती आपल्या खिशावर, आपल्या सोयीवर आणि आपल्या नगराच्या हितावर करावयाची.

नगराचे हित म्हणण्याचे कारण आहे. हे ओले रुमाल शौचकूपात टाकले तर कागदासारखे विरघळत नाहीत. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. चरबी, असले रुमाल आणि इतर घाण मिळून तो दगडासारखा झाला होता. आपल्या कोलकात्याच्या जुन्या भागाची विटांची भुयारी गटारे एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि या शहराचे सांडपाणी पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात जाते. तेथील भेड्यांत त्याच पाण्यावर मासे वाढविले जातात, भाजीपाला पिकविला जातो. २००२ पासून हा प्रदेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांत गणला जातो. आपण जे मोरीत लोटतो ते कोणाच्या तरी ताटाच्या वाटेवर असते, हे या शहरात तरी विसरून चालणार नाही. पाकीट वापरलेच, तर रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकावा. रेल्वेच्या डब्यातील जैविक शौचालयात तर तो कदापि टाकू नये.

आता हिशेब. नवे बाळ दिवसाकाठी आठ-दहा वेळा ओले होते. आठच वेळा धरू आणि प्रत्येक वेळी दोन रुमाल लागतात असे मानू. दिवसाला १६, महिन्याला ४८० आणि वर्षाला ५,८४० रुमाल झाले. ७२ रुमालांचे पाकीट धरले तर वर्षाला सुमारे ८१ पाकिटे लागतात. पाकिटाची किंमत ज्याने त्याने आपल्या दुकानाची घालावी. हिशेबाच्या सोयीसाठी शंभर रुपये मानली तर ८,१०० रुपये होतात. घरच्या फडक्यांना कापडाचा खर्च नाही. साबण, धुण्याचा सोडा आणि पाणी उकळण्याचा गॅस यांसाठी महिन्याला १५० रुपये सढळपणे धरले तरी वर्षाचे १,८०० होतात. म्हणजे ६,३०० रुपये वाचले. श्रीमंताच्या घरी ही रक्कम क्षुल्लक असेल. एका मिळकतीच्या घरात ती उन्हाळ्यात गावी जाण्याच्या तिकिटांत पडते, आणि नातवाचे तोंड आजीला दिसते.

फडकी कशी करावीत, ते क्रमाने सांगतो.

कापड निखळ सुती हवे. जुने लुगडे, धोतर, मलमलीचे उपरणे, जुना मऊ पंचा यांपैकी काहीही चालेल. आजकाल सुती म्हणून घेतलेल्या साडीतही कृत्रिम धागा असतो. म्हणून दोन परीक्षा कराव्यात. कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. सुती कापड तो तत्काळ शोषून घेते, मिश्र कापडावर तो क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. दुसरी परीक्षा धाग्याची. एक धागा काढून चिमट्याने धरून जाळावा. सुताची कागदासारख्या वासाची राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. नवा रंगीत गमछा घ्यावयाचा असेल तर त्याचा रंग पूर्ण जाईपर्यंत तो बाळाजवळ नेऊ नये.

जरीचा काठ आणि जाड पदर काढून टाकावा. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याच्या अर्ध्या भागातून वीतभर लांब आणि वीतभर रुंद, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरचे, शंभर चौकोन निघतात. दोन-दोन चौकोन एकमेकांवर ठेवून शिवले की ५० दुपदरी फडकी झाली. उरलेल्या अर्ध्या लुगड्यात दोन दुहेरी दुपटी होतात. दिवसाला १६ फडकी लागतात; एक दिवसाची वापरात, एक दिवसाची धुण्यात, एक दिवसाची राखीव, असा हिशेब केला तर ४८ पुरतात. एक लुगडे एका बाळाला कसे पुरत असे, याचे उत्तर या गणितात आहे.

कडा आत दुमडून शिवाव्यात आणि सुटे धागे कातरून टाकावेत. हा केवळ नेटकेपणाचा भाग नव्हे. सुटा धागा किंवा केस तान्ह्याच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह अडून बोट सुजते. बाळ रडत राहते आणि कारण उमगत नाही. अकारण रडणाऱ्या बाळाची हातापायांची बोटे पाहावीत, असे जाणत्या बायका सांगत, ते याचसाठी. शिवून झालेली फडकी साबणाने धुऊन, पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळून, कडक उन्हात वाळवावीत आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवावीत.

वापरताना एकच सूत्र ध्यानी धरावे: फडकी कोरडी ठेवावीत, पाणी वेगळे ठेवावे, आणि दोहोंची गाठ ऐन वेळी घालावी. सकाळी लिटरभर पाणी खळखळून उकळून, निवल्यावर झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात किंवा थर्मासमध्ये भरून ठेवावे. लागेल तेव्हा थोडे वाटीत ओतून, कोमट असल्याची मनगटावर खात्री करून, फडके भिजवून पिळून घ्यावे. रात्री उरलेले पाणी झाडांना घालावे. दुसऱ्या दिवसाला ते ठेवू नये. बाहेर जावयाचे असेल तर चार-पाच फडकी भिजवून डबीत न्यावीत, परंतु येथील उष्म्यात ती काही तासांतच वापरून संपवावीत. मळक्या फडक्यांसाठी वेगळी पिशवी असावी.

हा एवढा आग्रह का, तेही सांगितले पाहिजे. घरगुती वाइप्सची एक कृती हल्ली फार प्रसृत आहे. स्वयंपाकघरातील कागदी रुमालांची गुंडाळी डब्यात उभी करावयाची, तीवर पाणी, बाळाचे तेल आणि थोडा शाम्पू यांचे मिश्रण ओतावयाचे आणि तो डबा आठवडाभर वापरावयाचा, अशी ती कृती आहे. तीत पैसे वाचतात हे खरे. परंतु बाजारच्या पाकिटात जे परिरक्षक असते ते या डब्यात नसते. ओलावा, ऊब आणि तेल-साबणाचा अंश मिळाला की जंतू वाढण्यास आणखी काय हवे? डब्याला वास येईपर्यंत थांबणे धोक्याचे आहे, कारण वास येण्यापूर्वीच ते वाढलेले असतात. शिवाय शाम्पू धुऊन टाकण्यासाठी असतो. तो त्वचेवर तसाच राहिला तर तिला कोरडी करतो.

तान्ह्याच्या त्वचेचे शास्त्र थोडक्यात असे. निरोगी त्वचेवर सौम्य आम्लता असते आणि ती जंतूंपासून राखण करते. जन्माच्या वेळी ही आम्लता अपुरी असते. पुढील काही आठवड्यांत ती येते. साबण अल्कधर्मी असल्यामुळे तो वारंवार लावला की ही राखण मोडते. लघवी आणि शी एकत्र फार वेळ अंगाशी राहिली की त्वचेवरील आम्लता आणखी घटते, शीमधील पाचक द्रव्ये जागृत होतात आणि कातडी सोलवटून लाल होते. म्हणून फडके कोणते यापेक्षा लंगोट किती लवकर बदलला, याला अधिक महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की जन्मानंतरचे पहिले स्नान २४ तासांनी घालावे. अंगावरील पांढरा लेप घाईने पुसून काढू नये.

पुसताना आधी लंगोटाच्या कोरड्या कडेने शी उचलून घ्यावी, मग ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसावे. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे. मांड्यांच्या घड्या विसरू नयेत. नंतर कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, घासू नये. आणि पाच मिनिटे बाळाला तसेच मोकळे राहू द्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, चिकट शी पाण्याने निघत नाही. तिला खोबरेल तेलाचा बोळा उत्तम. येथे मोहरीचे तेल अंगाला लावण्याची पद्धत आहे, पण ते तीव्र असते; लाल झालेल्या जागी ते लावू नये. लाली दिसल्यास झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा घड्यांत गर्द लाली आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांकडे जावे. आमच्यापैकी कोणी डॉक्टर नाही आणि हे भाषण डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही.

काही गोष्टी आपल्या घरांत प्रेमाने केल्या जातात आणि त्या निक्षून बंद केल्या पाहिजेत. फडक्याच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालू नये. त्याने कोवळी कातडी पोळते. बोरिक पावडर बाळाच्या अंगाला लावू नये; ती सोललेल्या त्वचेतून शरीरात शिरते आणि विषारी ठरते. टाल्कम पावडर उडवू नये. ती श्वासातून फुप्फुसांत जाते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ट्रंकेची आहे. आजीने जपून ठेवलेली दुपटी आणि लुगडी आपण ट्रंकेतून काढतो, आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो. या गोळ्या पुष्कळदा नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. आपल्या देशात काही समाजांत हे उणेपण बऱ्यापैकी आढळते, आणि बाळाकडे पाहून ते ओळखता येत नाही. अशा बाळाला नॅप्थलीनच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळले तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढते; वेळीच उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा पोहोचते, क्वचित प्राणावर बेतते. अंगाला तेल लावलेले असेल तर हे द्रव्य अधिकच शोषले जाते. वासाची दुपटी थेट बाळाखाली घालू नयेत. बाळासाठी राखून ठेवावयाचे कापड प्रथमपासूनच डांबरगोळ्यांविना ठेवावे. कापूरही घालू नये. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवले तर काम भागते. आजचे इतर सारे विसरलात तरी चालेल, पण ही एक गोष्ट घरी जाऊन ट्रंक उघडून पाहावी, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

आता धुण्याविषयी. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते हा समज खरा नाही. तीतूनही रोग पसरतात. ती शौचकूपातच जावी, आणि पुसणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. मळकी फडकी झाकणाच्या वेगळ्या बादलीत टाकावीत. रोज साबणाने धुऊन, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावीत; अंगाला उठणारे पुरळ कित्येकदा कापडात राहिलेल्या साबणाचे असते. आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घालून उकळावीत. नीळ, खळ आणि कपडे मऊ करणारी सुवासिक द्रव्ये वर्ज्य. शेवटच्या द्रव्यांनी कापडाची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. वाळवण्यास उन्हासारखे दुसरे काही नाही. येथील पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही. तेव्हा पंख्याखाली वाळवून वरून गरम इस्त्री फिरवावी आणि फडकी पन्नासऐवजी सत्तर ठेवावीत. शेगडीवर टोपली पालथी घालून धुरीवर दुपटी वाळविण्याची आपली जुनी पद्धत वाड्यांतून ठीक होती. बंद खिडक्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका. आणि धूर बाळाच्या छातीलाही बाधतो. त्या वासाची आठवण मनात जपावी. धुरी मात्र खोलीत आणू नये.

भगिनींनो, येथवर आम्ही पैशांचा हिशेब केला. परंतु त्या हिशेबात एक रकाना राहिला आहे. रोज १६ फडकी, त्यांवर लंगोट आणि दुपटी धुवावयाची कोणी? पाकिटाचे सहा हजार वाचले, आणि ते वाचविण्यासाठी सव्वा महिन्याच्या बाळंतिणीने रात्री अकरा वाजता मोरीत बसून फडकी घासली, तर त्या बचतीला आम्ही बचत म्हणणार नाही. पूर्वी हे काम आजी, मावशी, आत्या, धुणेवाली यांच्यात वाटले जात असे. आईच्या एकटीच्या अंगावर ते कधीच नव्हते. जुन्या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मागे उभे असलेले आठ हात आपण विसरतो. घराची काटकसर एका बाईच्या झोपेतून कापून काढावयाची नसते.

म्हणून बंधूंनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. फडकी बादलीतून काढून धुऊन वाळत घालण्याचे काम बाळाच्या वडिलांनी आपल्याकडे घ्यावे. त्यासाठी कोणतेही विशेष कौशल्य लागत नाही. वीस मिनिटे लागतात. ज्या दिवशी आई आजारी असेल, ज्या दिवशी कोणाचेच हात मोकळे नसतील, आणि गावी जाताना गाडीत, त्या वेळी खुशाल पाकीट फोडावे. घरी फडकी आणि प्रवासात पाकीट, असा मध्यम मार्ग धरला तरी वर्षाची बरीचशी बचत पदरी पडते, आणि मनाला खंत लागत नाही.

शेवटी महिला शाखेच्या वतीने एक प्रस्ताव मांडतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक जुने, मऊ, निखळ सुती लुगडे, साडी किंवा धोतर मंडळात आणून द्यावे. डांबरगोळ्यांच्या वासाचे मात्र आणू नये. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही मंडळाच्या खोलीत बसून ते कातरू आणि शिवू. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी धागे कातरावेत, घड्या घालाव्यात. ५० फडकी, दोन दुपटी, काही लंगोट आणि आज सांगितलेल्या गोष्टींचे सोप्या मराठीत लिहिलेले एक टिपण, असा एक बाळंतविडा तयार होईल. आपल्यापैकी ज्या घरी पाळणा हलेल त्या घरी तो पोहोचता करावयाचा. मिळकत विचारावयाची नाही, जिल्हा विचारावयाचा नाही, मंडळाची वर्गणी भरली आहे काय हेही विचारावयाचे नाही. शेजारच्या बंगाली किंवा ओडिया घरातील लेकीला हवा असेल तर तिलाही द्यावयाचा. तिच्या घरची काँथा आपल्याला शिकता येईल.

आणि बाळंतविडा घेऊन जाणारीने तो दारातून देऊन परत फिरू नये. दोन तास तेथे थांबावे, बाळाला मांडीवर घ्यावे, बादलीतील फडकी धुवावीत, आणि आईला झोपू द्यावे. परमुलखात बाळंतीण झालेल्या मुलीला कापड, साबण, पैसा या सर्वांहून अधिक कशाची उणीव भासत असेल, तर ती या दोन तासांची. मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत गणपती बसविले, नाटके केली, ग्रंथालय चालविले. या सर्वांमागे परक्या गावात आपल्या माणसाला एकटे वाटू नये हाच हेतू होता. तो हेतू पाळण्यापर्यंत नेण्याची ही संधी आहे.

लुगडी आणून देण्याची सोय पुढील रविवारपासून कार्यालयात केली आहे. कातऱ्या आमच्याकडे आहेत. सुईदोरा ज्याने त्याने आपला आणावा.